दोर संपला तिथे

‘सगळ्यात खालची ओळ वाचा,’ असं चष्मेवाल्यानं पडद्याआडच्या माणसाला सांगितलं, आणि पडद्याआडचा माणूस म्हणाला, की त्या ओळीला छापणाऱ्यानं शाईच वापरलेली नाही, तर वाचायचं काय? आवाज जाड, किंचित घोगरा, आणि दुसऱ्याची चूक सापडल्याचा आनंद त्यात काठोकाठ भरलेला. बाहेरच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन ती बसली होती. तिनं तो ऐकला आणि आधी तिला काहीच वाटलं नाही. आवाज इतका ओळखीचा होता, की तो ऐकू येणं हीच मुळी नवलाची गोष्ट आहे, हे लक्षात यायला थोडा वेळ गेला. हा माणूस मेला होता. चांगली दोन वर्षं झाली होती मरून. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्याच्या नावाआधी ‘कै.’ तिनंच लावलं होतं, अहवाल त्याच्या स्मृतीला तिनंच अर्पण केला होता, सभागृहात सगळ्यांना उभं करून शांतता पाळायला लावली होती, आणि त्या शांततेत मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला म्हणून नंतर त्याची चांगली खरडपट्टीही काढली होती. आणि आता तो माणूस एका काळ्या पडद्यापलीकडे बसून छपाईला नावं ठेवत होता.

आणि हे आजच व्हायचं होतं. आज दुपारी ट्रॉलरवाल्यांच्या संघटनेची माणसं येणार होती, आणि त्यांच्यापुढे ठेवायला तिच्या मत्स्यसंशोधन संस्थेच्या साहेबांना एक आकडा हवा होता. खोल समुद्रातली कोळंबी दर वर्षी आपल्या मरणानं किती मरते, त्याचा. जाळ्यानं नव्हे, आजारानं, म्हातारपणानं, मोठ्या माशाच्या तोंडी पडून, जशी मरायची तशी. सकाळपासून साहेबांचे फोन चालू होते. साहेब वयानं तिच्यापेक्षा बरेच लहान, वागायला सभ्य, आणि आकडा ही कपाटातून काढून द्यायची वस्तू आहे असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटायचं. मॅडम, जुनाच टाका ना, काय बिघडतं, हे त्यांनी आज तीनदा तरी म्हटलं होतं. जुना आकडा म्हणजे या पडद्याआडच्या माणसाचा आकडा. त्यांनी तो तिच्या उमेदवारीच्या काळात ठरवला आणि तेव्हापासून त्याला कुणी बोट लावलं नव्हतं. आकडा चांगला भरभक्कम होता आणि त्यामुळे सगळ्यांच्या सोयीचा होता. एवढ्या कोळंब्या आपोआपच मरणार असतील तर जाळ्यात धरल्या काय आणि न धरल्या काय, धरा हवी तितकी. आकडा खाली आणला की धरायची मर्यादाही खाली येते, आणि मग ट्रॉलरवाले साहेबांच्या टेबलावर हात आपटतात. तो आकडा खोटा आहे हे तिला गेल्या हंगामापासून ठाऊक होतं. ते बोलायचं की गिळायचं, एवढंच आज ठरवायचं होतं, आणि त्यासाठी एक सकाळ तरी कुणी डोकं न खाता मिळावी एवढीच तिची अपेक्षा होती. ऑफिसला जाताजाता नवा चष्मा घेऊ म्हणून वाकडी वाट केली आणि हे निघालं.

चष्मेवाला पडदा सारून बाहेर आला आणि यांच्याबरोबर कोण आहे असं दुकानाला विचारू लागला. डोळ्यांत औषध घातलंय, बाहुल्या मोठ्या झाल्यात, दुपारपर्यंत धड दिसायचं नाही, एकट्यानं रस्त्यात सोडता येणार नाही. दुकानात ती एकटीच होती. उठून निघून जाणं सहज जमलं असतं. त्या माणसाला ती दिसलीही नसती. नंतर दिवसभर तिला राहून राहून याचंच आश्चर्य वाटत राहिलं, की इतका वैताग आलेला असताना आपण ‘मी आहे’ असं का म्हणालो. तुम्ही यांच्या कोण, असं चष्मेवाल्यानं विचारलं. ती गडबडली. पूर्वी याचं उत्तर सोपं होतं, नव्हे, दोन दोन उत्तरं होती. ऑफिसात त्यांच्या हाताखालची, घरी त्यांची सून. तिथे सर म्हणायचं, इथे बाबा, आणि सकाळी घरात ‘बाबा, चहा’ म्हणून थोड्याच वेळात संस्थेच्या जिन्यावर ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणताना आपल्याला वेड लागेल असं तिला सुरुवातीला वाटायचं. मग त्यांच्या मुलाशी तिचं जे होतं ते संपलं आणि ते निवृत्त झाले, म्हणजे दोन्ही उत्तरं एकाच वर्षात गेली. ‘ओळखीतली,’ ती म्हणाली. पडद्याआड खुर्ची करकरली. ‘मोजपट्टी?’ आतून आवाज आला. ‘तूच का गं ती, मला मारून टाकणारी?’

फुटपाथ अर्धा खणलेला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर पाइप रचून ठेवलेले होते. त्यांनी तिच्या कोपराला घट्ट धरलं होतं, डोळ्यांवर चष्मेवाल्यानं दिलेला काळ्या फिल्मचा फुकटातला गॉगल होता, आणि काहीएक दिसत नसताना फुटपाथ कसा चुकीचा खणलाय हे ते तिला समजावून सांगत होते. तिला हसू येत होतं, आणि आपल्याला हसू यावं याचीच तिला चीड येत होती. दोन वर्षं या माणसासाठी आपण मनातल्या मनात सुतक पाळलं, आणि हा बाबा इथे पाइप मोजतोय. अहवाल वाचला म्हणे त्यांनी. तिनं चमकून विचारलं, कुठे वाचलात. ‘कुठे म्हणजे? तुम्हीच पाठवलात. पाकिटावर माझं नाव, आत माझं नाव, फक्त आतलं मेलेलं होतं,’ ते म्हणाले. तिनं कपाळाला हात लावला. माजी संचालकांना अहवाल पोस्टानं जातो. तो कुणाकुणाला पाठवायचा ही नावं कुणी वर्षानुवर्षं बघितलेलीच नाहीत. माणूस गेल्याची बातमी त्याच माणसाला रजिस्टर पोस्टानं पाठवणारी आपली संस्था, आणि त्याच संस्थेला आज समुद्राच्या तळाशी कोण जगलं नि कोण मेलं याचा दाखला द्यायचाय. पर्समध्ये फोन थरथरला. तिनं तो थरथरू दिला.

ते मेले हे कळलं तरी कसं होतं? आता आठवताना तिला दात-ओठ खावेसे वाटले. कळलं कुणालाच नव्हतं. ते वार्षिक मेळाव्याला आले नाहीत, पुढल्या वर्षीही आले नाहीत. कुणीतरी फोन लावला तर हा क्रमांक अस्तित्वात नाही असं बाई सांगू लागली. लेखा विभागातला एक जण म्हणाला, मला वाटतं गेलेच ते, आणि चहा संपेपर्यंत त्यातलं ‘मला वाटतं’ गळून गेलं होतं. पेन्शन परस्पर बँकेत जात होती, पण बँकेला अहवालाशी काय देणंघेणं आणि अहवालवाल्यांना बँकेशी. त्यांच्या मुलाला फोन करणं हा एक सरळ उपाय होता. तो तिनं केला नाही. पूर्वीच्या नवऱ्याला फोन करून ‘तुझे वडील गेले का’ हे विचारायचं, आणि त्यानं ‘तुला काय करायचंय’ असं म्हटलं तर ते ऐकून घ्यायचं, एवढी तिची तयारी नव्हती. शिवाय मनात एक राग होता: गेले असतील तर त्यानं आपण होऊन कळवायला नको होतं का? म्हणून ती स्वतःच एक दिवस त्या जुन्या इमारतीत गेली. चौथ्या मजल्यापर्यंत चढली. दारावरची पाटी काढलेली, तिच्या जागी स्क्रूची भोकं, खिडकीला परके पडदे, बाहेर लहान मुलाची सायकल. बेल वाजवायची गरजच वाटली नाही. तिथेच जिन्यावर बसून ती रडली, नाक पुसत, रडतच खाली उतरली, आणि दुसऱ्या दिवशी अहवालाच्या मुद्रितात नावाआधी ‘कै.’ जोडलं.

घरी तिनं हे फक्त धाकट्या बहिणीला सांगितलं होतं. धाकटी म्हणाली, ताई, ज्या घरातून तू निघालीस तिथल्या माणसाचं इतकं काय मनाला लावून घेतेस? तिचं लग्न मोडलं त्यात आदळआपट काही नव्हती. दोघं एका घरात राहून हळूहळू एकमेकांना दिसेनासे होत गेले, एवढंच. तिला घर सोडताना वाईट वाटलं ते जेवणाच्या टेबलाचं. त्या टेबलावर रात्रीची ताटं उचलली की सासरे आलेखाचे कागद पसरायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी नव्या सुनेला सांगितलं होतं, की ही कोळंबी तरुणपणी नर असते आणि मोठी झाली की मादी होते, तेव्हा या घरात कुणी कुणाला फार जोरात नवरेपण दाखवू नये. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी हसून पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे आपटला होता. माशाचं वय कळतं, ते सांगायचे, त्याच्या कानात खडा असतो, तो कापला की झाडाच्या बुंध्यासारखी वर्षं दिसतात. कोळंबी कात टाकते. अंगावरचं कवच उतरवते आणि त्याच्याबरोबर सगळी वर्षंही टाकून मोकळी होते. तिला वय विचारायची सोयच नाही. मग काय करायचं, तर जाळ्यात आलेल्या हजारो जणींच्या पाठीवरची ढाल कॅलिपरनं मोजायची आणि लांबीप्रमाणे मांडायची. आलेखाला उंचवटे येतात. एक उंचवटा म्हणजे एका वर्षीची पिल्लं. पुढच्या वर्षी तोच उंचवटा उजवीकडे सरकतो, ती झाली वाढ. जरा बसका होतो, ते झालं मरण. तिच्याइतकं बिनचूक मोजणारं संस्थेत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती मोजपट्टी. आणि सगळ्यात उजवीकडचा, मोठ्या अंडीवाल्या माद्यांचा उंचवटा? तो हळूहळू बसत नसे. तो एका वर्षात साफ नाहीसा व्हायचा. तिनं तेव्हा विचारलं होतं, एकदम कुठे गेल्या? मेल्या, ते म्हणाले होते, आणि कागद गुंडाळला होता.

ज्या दिवशी ती घर सोडून निघाली, त्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. बॅग दाराशी आली, टॅक्सीवाल्यानं खालून हॉर्न दिला. ती थांबली. काहीतरी बोलतील, निदान ऑफिसात दिसशीलच असं तरी म्हणतील. पेपराच्या आडून ते एवढंच म्हणाले, की चावी टेबलावर ठेव. त्या एका वाक्यावर तिनं पुढली कितीतरी वर्षं राग पोसला. नंतर ते मेल्याचं ‘कळलं’ तेव्हा त्या रागाचं काय करायचं हेच तिला समजेना. मेलेल्या माणसावर रागावणं बरं दिसत नाही म्हणून तिनं तो माळ्यावर टाकला आणि त्याच्या जागी दुःख आणून ठेवलं. आता तो माणूस तिच्या कोपराला धरून रस्ता ओलांडत होता, आणि दुःख करत घालवलेली ती दोन वर्षं कुणाकडून भरून मागायची?

इमारत तीच होती. रंग उडालेला, टपालपेट्यांची झाकणं वाकडी. ती सवयीनं जिन्याकडे वळली, पहिल्या पायरीवर पायही ठेवला. कोपराला हिसका बसला. ‘वर कुठे निघालीस?’ ते म्हणाले. ‘मी खाली राहतो. गुडघे.’

ती तशीच एक पाय पायरीवर ठेवून उभी राहिली. तळमजल्यावर जिन्याच्या बगलेत एक दार होतं. त्यावर पाटी नव्हती. पूर्वी तिथे इमारतीचं अडगळीचं सामान असायचं. सासरे खिशात किल्ली चाचपत म्हणाले, की वरचा फ्लॅट मुलानं भाड्यानं दिला आणि हा घेतला. मुलगा दुसऱ्या शहरात असतो, रविवारी फोन करतो. जुना फोन नंबर बंद केला, कारण त्यावर कर्ज घ्या म्हणून पोरी मागे लागायच्या. हे सगळं त्यांनी असं सांगितलं, जसं काही ते सगळ्या जगाला माहीत आहे आणि तिलाच काय ते ठाऊक नाही. चार मजले चढून जाताना ती या दारासमोरून गेली होती. उतरतानाही गेली होती. आणि दुसऱ्या दिवशी ‘कै.’ लिहिलं होतं.

खोली लहान, नेटकी. एक पलंग, एक टेबल, टेबलावर औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. जेवणाचं ते जुनं टेबल इथे मावलं नसणार, तिनं विचारलं नाही. त्यांना खुर्चीत बसवून तिनं पाणी दिलं, आणि मग आता निघते असं म्हणायच्या ऐवजी पलंगाच्या कडेला बसून आकड्याविषयी बोलायला लागली. कुणाशी तरी बोलायला हवंच होतं, आणि गंमत म्हणजे जगात हे समजणारा दुसरा माणूस नव्हता. गेल्या हंगामात पाहणीच्या जहाजावर जाळ्याचा दोर सोडणाऱ्या विंचचा ब्रेक सरकला. ठरलेल्या खोलीला जाळं थांबायचं, ते थांबलंच नाही, दोर सुटत गेला, आणि जाळं समुद्रतळाच्या उताराच्या पार खालच्या अंगाला जाऊन घासत आलं. सगळे त्या ब्रेकवाल्यावर खेकसत होते. जाळं वर आलं आणि त्यात त्या होत्या. मोठ्या, लालभडक, पोटाखाली अंड्यांचे घोस धरलेल्या, आलेखातून नाहीशा होणाऱ्या त्याच सगळ्या. तिनं स्वतः एकेक मोजली. थंडीनं बोटं बधिर झाली तरी मोजत राहिली. साहेब म्हणाले, एकच खेप आहे, तीही अपघातानं, योजनेत नसलेल्या जागी. ती हिशेबात धरता येत नाही. खेप कुठेही नोंदली गेली नाही. त्यांतली एक तिच्या टेबलावर काचेच्या बरणीत होती, आणि रोज सकाळी तिच्याकडे बघताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

‘त्या मरत नाहीत,’ ती म्हणाली. ‘मोठ्या झाल्या की खाली जातात. आपण ज्यांना मेल्या म्हणतो त्या सगळ्या खाली आहेत.’

सासऱ्यांना धक्का बसेल असं तिला वाटलं होतं. खरं तर बसावा अशी तिची फार इच्छा होती. त्यांनी ग्लास चाचपत टेबलावर ठेवला. ‘तेव्हा दोर तेवढाच होता,’ ते म्हणाले. ‘दोर संपला तिथे मेल्या असं धरलं. पलीकडे कुणी जाऊच शकत नव्हतं, तर जगल्या काय नि मेल्या काय.’ मग तो आकडा बदलायला नको का, असं तिनं विचारलं. नको, ते म्हणाले. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. इतकी वर्षं डोक्यावर बसलेला आकडा, स्वतः तो ठरवणारा माणूस तो चूक आहे हे कबूल करतो, आणि म्हणतो नको! आता दोर लांब झालेत, ते शांतपणे सांगू लागले. ट्रॉलरवाल्यांनी खालच्या उताराची परवानगी मागितली आहे ना? मागितली होती. मग तू जाऊन सांग, की मोठ्या माद्या खाली आहेत, अंड्यांनी भरलेल्या आहेत. दोन हंगामांत तळ खरवडून काढतील. ‘मेलेल्यांना कुणी शोधायला जात नाही,’ ते म्हणाले. ‘राहू दे त्यांना मेलेलं. मलाही तसाच राहू दे. मेल्यापासून मला कुणी समितीवर बोलावलं नाही, कुणी प्रस्तावना मागितली नाही. इतका निवांत मी आयुष्यात कधी नव्हतो.’

हे तिला स्वतःला सुचलं नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच तिचं डोकं फिरलं. खरं बोललं तर खालच्या मरणार, गप्प बसलं तर वरच्या. या फुगवलेल्या आकड्याच्या जोरावर वरचा पट्टा वर्षानुवर्षं झाडून नेला जातोय, पिल्लं मोठी होऊन खाली जायला उरतील तेव्हा ना. वरच्यांचं काय, असं तिनं विचारलं. त्यावर त्यांनी खांदे उडवले. तेच जुने खांदे उडवणं. घरात कुणाचं काही बिनसलं, मुलाचं सुनेचं बोलणं बंद झालं, की हा माणूस असाच खांदे उडवून आलेखात तोंड खुपसायचा. सगळं दिसायचं त्याला, बोलायचं काही नाही. पर्समध्ये फोन पुन्हा थरथरू लागला. फोन काढायला ती उठली आणि तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकी ठेंगणी, गजांची, नेमकी जिन्याच्या तोंडाशी उघडणारी. समोर त्यांची खुर्ची. वर जाणारा प्रत्येक माणूस या खुर्चीतून दिसणार. इतका वेळ हे आपल्या लक्षात आलं नाही याची तिला लाज वाटली. तिनं फोन हातात तसाच धरला.

‘मी आले होते,’ ती म्हणाली. ‘दोन वर्षांपूर्वी. वर गेले होते.’

त्यांनी काळा गॉगल काढून मांडीवर ठेवला. औषधानं डोळे नुसते बाहुल्याच झाले होते, काळेभोर, आणि ते तिच्याकडे नाही तर तिच्या जरा डावीकडे पाहत होते.

‘पाहिलं,’ ते म्हणाले. ‘जाताना पाहिलं, येताना पाहिलं. रडत होतीस.’

‘मग हाक का नाही मारलीत?’

त्यांनी गॉगलची दांडी उघडली, मिटली. ‘मारणार होतो,’ ते म्हणाले. ‘मग कळलं, की वर माझं दार बघून आलीस आणि माझ्यासाठीच रडतेयस. म्हटलं, चावी टेबलावर ठेव म्हणून हाकललेली पोरगी आपल्यासाठी रडते. असं कुणाला जिवंतपणी बघायला मिळतं? हाक मारली असती तर थांबली असतीस रडायची.’

तिला राग आला. असा राग, की कान गरम झाले. या माणसानं आपलं रडणं बसल्या जागी, खुर्चीत, फुकट बघून घेतलं आणि जपून ठेवलं, आणि आपण ते दोन वर्षं पुन्हा पुन्हा रडत राहिलो. बाटल्या एका फटक्यात टेबलावरून खाली लोटाव्या असं तिला वाटलं. तिनं लोटल्या नाहीत. फोन वाजत होता तो उचलला आणि सगळा राग साहेबांच्या कानात ओतला. जुना आकडा काढून टाका, ती म्हणाली. साहेबांनी विचारलं, नवा किती. निम्म्यावर आणा, आणि धरायची मर्यादाही त्याबरोबर खाली. पण मॅडम, मग आलेखातून ज्या जातात त्यांचं काय दाखवायचं, साहेब काकुळतीला आले होते. ती अपघाताची खेप तर हिशेबात नाही, मग मेल्या नाहीत तर आहेत कुठे?

‘माहीत नाही,’ ती म्हणाली. ‘तसंच छापा. ठावठिकाणा माहीत नाही. दिसलं नाही म्हणून मेलं असं यापुढे आपण धरणार नाही.’

संघटनेची माणसं लवकरच येऊन बसलीत, साहेब हळूच म्हणाले, ‘माहीत नाही’ हे त्यांना कसं सांगू? मी येते आणि मीच सांगते, ती म्हणाली. तिला त्या बरणीची आठवण झाली. आपण बोललो ते खोटं नव्हतं, सगळं खरंही नव्हतं, आणि आयुष्यभर अचूक मोजणाऱ्या बाईला हे अंगावर वागवत फिरावं लागणार होतं. आणखी एक, ती म्हणाली, मागच्या अहवालात माझ्या हातून मोठी चूक झाली आहे, सर जिवंत आहेत, ते दुरुस्त करायचंय. साहेबांचा आवाजच चढला: खरंच? अरे वा, मग बोलवूया ना त्यांना, सत्कार करूया, राहतात कुठे? समोर सासरे मान वर करून, त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी ऐकत होते. हात खुर्चीच्या दांडीवर आवळलेले. ते घाबरलेत हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

‘ते मी सांगणार नाही,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ते आभार मानतील तर आपण काहीतरी लागट बोलू, अशी तिला स्वतःचीच भीती वाटली. त्यांनी मानले नाहीत. निम्म्यावर हे जरा जास्तच खाली होतंय, तिसरा हिस्सा कमी केला असता तरी चाललं असतं, एवढं ते म्हणाले. तिनं पर्स उचलली, दार ओढून घेतलं आणि बाहेर पडली. पुन्हा इथे यायचं नाही. म्हातारा निवांत आहे ना, राहू दे निवांत. टपालपेट्यांपाशी आल्यावर तिला कळलं, की चष्मेवाल्याकडे नवा चष्मा तसाच राहिला, सकाळच्या सगळ्या खटाटोपाचं कारणच तिथे राहिलं, आणि आता तिथपर्यंत परत जायचं, मग ऑफिस, मग टेबलावर हात आपटणारी माणसं. वैतागानं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

ती जिन्याच्या तोंडाशी थांबली. गजांपलीकडे ते खुर्चीत बसले होते, तोंड थेट तिच्याकडे. ती अगदी त्यांच्या समोर होती, हात लांब केला तर गज हाताला लागले असते, आणि त्यांना ती दिसत नव्हती. ते तरीही बघत होते. जिन्याकडे कान देऊन, मान किंचित वाकडी करून, ज्या बाजूनं पावलं गेली असतील असं त्यांना वाटत होतं त्या बाजूला बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत ओघळत होतं. हे बघायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. आता आपणही उभं राहावं, काही बोलू नये, बघत राहावं, मग निघून जावं. हिशेब अगदी चोख फिटेल. तिनं तसं केलंही, थोडा वेळ. मग तिला ते सहन होईना. सकाळपासून तिनं त्यांना ना सर म्हटलं होतं ना बाबा, दर वेळी वाक्य तिथून वळवून नेलं होतं.

‘बाबा!’ तिनं हाक मारली. तिला वाटलं त्यापेक्षा ती फार मोठ्यानं निघाली. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं.

ते दचकले. खिशातून रुमाल काढून त्यांनी घाईघाईनं तोंड पुसलं.

‘अगं, ओरडतेस काय,’ ते म्हणाले. ‘औषध डोळ्यांत घातलंय, कानांत नाही.’